शेवटची जुडी

अर्थशास्त्राच्या पुस्तकात एक विक्रेता राहतो. त्याला नाव नाही, गाव नाही, बायकामुलं नाहीत, उधार मागणारा मेहुणा नाही. शेजारी मात्र असंख्य आहेत; पण त्यांच्याशी त्याचं जाणं-येणं नाही, बोलणंही नाही. सगळ्यांकडचा माल एकसारखा, इतका की डोळे झाकून कुणाचाही उचलावा. गिऱ्हाइकाला सगळं ठाऊक, विक्रेत्यालाही सगळं ठाऊक, आणि माल इकडून तिकडे न्यायला दमडी लागत नाही. भाव ठरलेला. कुणी ठरवला म्हणून विचारलं, तर पुस्तक 'बाजाराने' एवढंच म्हणतं आणि पान उलटतं. या सभ्य, एकाकी माणसाने उभ्या आयुष्यात एकच गोष्ट ठरवायची असते : माल किती करायचा. घर कुठे बांधावं, मुलगी कुठे द्यावी, मत कुणाला टाकावं, असले प्रश्न त्याला पडत नाहीत. बारावीच्या वर्गात या जगाला 'पूर्ण स्पर्धा' असं भारदस्त नाव देतात आणि नाव देऊन झालं की हळूच सांगून टाकतात, की असा बाजार प्रत्यक्षात कुठे नसतो. मला त्या वयात हे फार अन्यायाचं वाटायचं. जे कुठेच नाही त्याच्याच आकृत्या काढायच्या, तर गंधर्वनगरीने काय घोडं मारलं होतं?

तो बाजार नसेलही. पण त्याचा एक लांबचा चुलतभाऊ दर गुरुवारी छावणीत भरतो. छत्रपती संभाजीनगर शहरातून खाम नदीवरचा लोखंडी पूल ओलांडून इकडे आलं की गावाचा श्वास जरा लांबतो. जुनी झाडं, आवारं ऐसपैस आणि घर आत कुठेतरी दडलेलं असे बंगले, चर्च, आणि मधूनच लष्कराच्या पाट्या, ज्यांच्यावरची अक्षरंसुद्धा सावधानमध्ये उभी असतात. निजामाच्या पैशाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमाने चालणाऱ्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेचं हे एके काळचं ठाणं. फौज जिथे तळ ठोकते तिथे पाठोपाठ गवतवाला येतो, दूधवाला येतो, भाजीवाली येते; पलटणी बदलतात, भाजीवाली राहते. गुरुवारी तर पाय ठेवायला जागा नसते. एकीकडे कांद्या-बटाट्याचे ढीग, एकीकडे खारीक-खोबरं आणि मसाले, पलीकडे कपडे, भांडी, विळे-खुरपी, आणि या सगळ्याला एक कान देऊन उभी असलेली जनावरं. आणि या गलक्यात एक चमत्कार चाललेला असतो, त्याकडे आपलं लक्ष जात नाही. सकाळी मेथी दहाला जुडी असेल, तर ती या टोकापासून त्या टोकापर्यंत दहालाच. कुणी बैठक घेतली नाही, कुणी परिपत्रक काढलं नाही. परेडमध्ये सगळ्यांचं पाऊल एकदम पडतं ते सुभेदाराच्या आरोळीने. इथे सगळ्यांचा भाव एकदम पडतो आणि आरोळी मारणारा सुभेदार कुठेच दिसत नाही. छावणीत राहून मला नेहमी वाटत आलं आहे, की खरी शिस्त पाहायची तर ती मैदानावर नव्हे, पालेभाजीच्या रांगेत पाहावी.

जनावरांच्या बाजारात मात्र ही शिस्त औषधालाही नाही. तिथे प्रत्येक बैल स्वतंत्र, प्रत्येक शेळीला वंशावळ, आणि भाव करण्याची जुनी रीत म्हणजे उपरण्याखाली हात घालून बोटं दाबायची. शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही कळू नये की सौदा किती पुढे गेला. सर्वज्ञ गिऱ्हाइकाची कल्पना ज्याने काढली त्याला एकदा त्या उपरण्याशेजारी उभं करायला हवं होतं. तो विषय इथेच सोडतो; आपण मेथीकडे परत येऊ. मेथी बिचारी उपरण्याखाली काही लपवत नाही.

कॉलेजात आम्हाला हा भाग शिकवणारे सर खडू फार नजाकतीने धरत. फळ्यावर आधी ते एक आडवी रेघ ओढत. ही किंमत. आपण एक जुडी विका की हजार विका, रेघ हलणार नाही. कारण एवढ्या मोठ्या बाजारात आपण म्हणजे कोण? मग खालून कढईच्या आकाराचा एक वक्र येई. हा सीमांत खर्च, म्हणजे आणखी एक नग करायला जो वाढीव खर्च येतो तो. सुरुवातीला उतरता, नंतर चढता. कढई रेघेला दोन ठिकाणी कापते, आणि सरांचा खडू नेमका इथे थांबायचा. पहिल्या छेदाला भुलू नका, ते म्हणत, तिथे तोटा सगळ्यात जास्त असतो. तिथून पुढे तर बरे दिवस सुरू होतात. चढत्या बाजूने दुसऱ्यांदा गाठ पडेल, तिथे थांबायचं. आयुष्याबद्दलही ते असंच काही म्हणतात की काय असं वाटून आम्ही वहीत दोन रेघा जास्त मारत असू. हेच सर गुरुवारी छावणीत दिसत. हातात कापडी पिशवी, समोर हिरव्या मिरचीचा ढीग, आणि एकटा खरेदीदार किंमत बदलू शकत नाही हे वर्षभर शिकवणारा हा माणूस पावशेर मिरचीसाठी दोन रुपये कमी करा म्हणून उभा. पाव तास जाई. शेवटी मिरची त्याच भावात घेऊन सर परतत, आणि सिद्धान्त खरा ठरल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर नसे.

फळ्यावरची ती कढई मला खऱ्या अर्थाने कळली ती मात्र मेथीच्याच वाफ्यात. समजा, जुडीला बाजारात दहा रुपये मिळताहेत. घराजवळच्या वाफ्यातली पहिली 100 जुडी नवरा-बायको दिवस मावळायच्या आत उपटतात, बांधतात, पाणी मारून ओल्या पोत्यात ठेवतात. जुडीमागे चार रुपये पडले. पुढच्या 100 जुड्यांना दोन बाया सांगाव्या लागतात, त्यांची मजुरी धरून सात पडले. त्यापुढच्या 100 जुड्या लांबच्या वाफ्यात आहेत. त्यांच्यासाठी पहाटेच्या अंधारात बॅटरी धरायला एक माणूस हवा आणि टेम्पोची दुसरी खेप हवी, म्हणजे बारा. आता शहाणं माणूस कुठे थांबेल? पहिल्या शंभरात जुडीमागे सहा सुटतात, दुसऱ्या शंभरात तीनच, म्हणून 'आता पूर्वीसारखं राहिलं नाही' असा सुस्कारा सोडून पुष्कळजण पहिल्या शंभरावरच थांबतात आणि 600 रुपये घेऊन घरी येतात. पण ते तीन-तीन रुपयेही खरेच असतात. ते उचलले की 900 होतात. आणि हावरेपणाने तिसऱ्या शंभराला हात घातला, की शेवटच्या प्रत्येक जुडीला दोन रुपये पदरचे जाऊन 900 चे 700 होतात. जुडीमागचा नफा सर्वात मोठा कुठे, हा प्रश्नच नाही. पुढची जुडी आपला खर्च आपण काढते का, एवढंच तिला विचारायचं. काढत असेल तर ये म्हणावं, नाहीतर वाफ्यातच राहा. सगळ्या जुड्यांचं मिळून काय झालं हा हिशोब रात्री. ठरवण्याच्या घटकेला समोर फक्त शेवटची जुडी.

आणि जागेची पावती? टेम्पोचं भाडं? ते तर दिलेलं असतं. एक जुडी विकली तरी तेवढंच आणि दोनशे विकल्या तरी तेवढंच. पुस्तक म्हणतं, जे गेलं ते विसरा, किती विकायचं हे ठरवताना त्याला मध्ये आणू नका. तर्काच्या दृष्टीने यात खोट काढायला जागा नाही. पण भाजीच्या रांगेत तासभर बसून ऐकावं. दिवसभरात एकही मावशी तो नियम मोडत नाही, विकायच्या वेळी ती पावती बरोबर विसरते. आणि एकही मावशी ती पावती विसरत नाही, दर अर्ध्या तासाने पदराच्या गाठीतून काढून तिच्याकडे बघते आणि पुन्हा बांधते. गेलेल्या पैशाचा निर्णयाशी संबंध नसतो, त्याचा संबंध सुस्काऱ्याशी असतो, आणि सुस्काऱ्यांचा वक्र अजून कुणी काढलेला नाही.

या शास्त्राला आजचं घाटदार रूप देणाऱ्यांपैकी एक, केंब्रिजचे आल्फ्रेड मार्शल, यांचा मोठा ग्रंथ 1890 चा. त्यात धान्याचा बाजार आहे, त्यातली घासाघीस आहे. पण मला आवडतो तो त्यातला एक पोरगा. तो स्वतःला खायला म्हणून काळी रानफळं तोडतो. सुरुवातीला तोडण्यातही मजा आणि खाण्यातही मजा. मग पोट भरत येतं, हात अवघडतात, खेळायला जावंसं वाटू लागतं, आणि एका क्षणाला आणखी एका फळाचा मोह आणि आणखी एका फळाचा कंटाळा यांचं वजन सारखं होतं. तिथे तो थांबतो. ना त्याला खडू लागला ना फळा. मार्शलसाहेब छावणीत कधी आले नाहीत, पण तो पोरगा आमच्यातलाच होता असं मी शपथेवर सांगेन. आम्ही बोरं तोडायचो ती एका बंगल्याच्या आवारातली. खालच्या फांदीची बोरं जवळजवळ फुकट. मधल्या फांदीला ओरखडे. आणि शेंड्याची, उन्हाने टच्च पिवळी झालेली बोरं म्हणजे माळ्याची झोपमोड. माळीदादा झोपेत एकदा कुशीवर वळला की आमच्यातला सर्वात शहाणा मुलगा हात वर करायचा आणि आम्ही बोरांनी फुगलेले खिसे सांभाळत कुंपणाबाहेर. तो मुलगा पुढे अर्थशास्त्रात नापास झाला. त्यात त्याचं काही नुकसान झालं असं मला वाटत नाही. जे येत होतं तेच पुन्हा शिकवत होते.

माणसं हा हिशोब खरोखर करतात का, अशी शंका खुद्द पंडितांनाही एकदा आली होती. 1939 मध्ये छापलेल्या लेखासाठी हॉल आणि हिच या ऑक्सफर्डच्या दोन अभ्यासकांनी 38 उद्योजकांना गाठून विचारलं, की तुम्ही हा सीमांत खर्चाचा हिशोब करता का? बहुतेकांनी अशा चेहऱ्याने पाहिलं, की त्यांना जणू स्वतःच्या यकृताचं वजन विचारलं आहे. आम्ही आपला खर्च धरतो, त्यावर रास्त नफा चढवतो आणि विकतो, असं त्यांचं साधारण म्हणणं पडलं. शास्त्रात मोठी खळबळ माजली. तिला 1946 मध्ये उत्तर दिलं ते फ्रिट्झ माखलुप यांनी, आणि ते उत्तर मला नगर नाक्यावर रोज पटतं. पुढच्या ट्रकला ओलांडून जाणारा गाडीवाला समोरून येणाऱ्या गाडीचा वेग, अंतर, आपल्या इंजिनाची ताकद, रस्त्याचा ओलेपणा, यातलं काही मोजत नाही. विचाराल तर सांगूही शकणार नाही. पण ओलांडतो मात्र बरोबर. नगर नाक्यावर मागे दोन पोरं, पुढे सिलिंडर आणि कानाखाली मोबाइल अशा अवस्थेत जो स्कूटरवाला बसच्या पुढे निसटतो, त्याच्या डोक्यात किती समीकरणं एकदम सुटली असतील याचा विचार करू नये, छातीत धडकी भरते.

गुरुवारचं खरं ठरवणं छावणीत होतच नाही. ते होतं जाधववाडीच्या बाजार समितीत, जेव्हा शहर झोपलेलं असतं. पिवळ्या दिव्याखाली लिलाव पुकारला जातो, कॅरेटवर कॅरेट चढतात, आणि छावणीला बसणारी मावशी शालीत नाक खुपसून उभी असते. किती उचलायचं? आभाळ आलं आहे का, उद्या उपास आहे का, पगार होऊन किती दिवस झाले, काल कोथिंबीर कुठे कोमेजली, हे सगळं त्या शालीच्या आत चाललेलं असतं. बाहेर येतो तो फक्त एक आकडा. 'दोन गोण्या टाक.' पुस्तकातला उत्पादक जे एका रेघेच्या छेदावर वाचतो ते हिला अंधारात वाचायचं असतं, आणि चुकलं तर संध्याकाळी तेच डोळ्यांसमोर पिवळं पडत जातं. तिच्या मागे उभ्या असलेल्या शेतकऱ्याने तर आपला आकडा महिना-सव्वा महिन्यापूर्वीच जमिनीत पेरून टाकलेला असतो. मार्शलने काळाचे असे टप्पे पाडले होते : आजचा बाजार, ज्यात आलेला माल एवढाच; थोडी लांबची मुदत, ज्यात आहे त्या वाफ्यात कमी-जास्त करता येतं; आणि खरी लांबची, ज्यात नवे लोक धंद्यात शिरतात आणि जुने बाहेर पडतात. त्याचे टप्पे कागदावर आहेत, आमच्याकडे ते पिकांवर आहेत. मेथीला दुसरा दिवस नाही. खुलताबाद, फुलंब्री, कन्नड भागातलं अद्रक त्या मानाने राजा. भाव पडला तर ते जमिनीतच झोपून राहतं आणि मालक चार महिने वाट बघू शकतो. आणि मोसंबी म्हणजे तर अर्धं आयुष्य. फळ धरायलाच काही वर्षं जातात. पैठण-जालन्याकडच्या बागा 2012-13 च्या दुष्काळात टँकरने पाणी घालूनही वाळल्या, तेव्हा लोकांनी कुऱ्हाड उचलली. पुस्तकात याला 'निर्गमन' म्हणतात आणि त्याला काही खर्च येत नाही असं धरतात.

इथे मला आमच्या शेजारच्या नागसेनवनाची आठवण होते. ते वसवणारे, 1950 मध्ये तिथे मिलिंद महाविद्यालय काढणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुळात अर्थशास्त्राचे, आणि शेती कितीची असावी यावर त्यांनी 1918 मध्येच एक निबंध लिहिला होता. तुकड्यांची शेती परवडत नाही म्हणून ती जोडा, असा तेव्हा सल्ला चालू होता. बाबासाहेबांचं म्हणणं निराळं. एवढे एकर म्हणजे परवडणारं आणि तेवढे म्हणजे न परवडणारं, असं नुसत्या जमिनीवरून ठरत नाही. त्या जमिनीवर किती हात आहेत, किती बैल-अवजारं आहेत, त्यांचा आपसात मेळ काय, यावर ते ठरतं. आणि आपल्याकडे हात जास्त आहेत आणि त्यांना काम नाही, खरं दुखणं ते आहे, उद्योग वाढवा. मेथीच्या तिसऱ्या शंभर जुड्या महाग का पडतात याचं उत्तर या निबंधात आहे, आणि ज्या बाईला त्या उपटण्याखेरीज दुसरं काम नाही तिचीही दखल त्यात आहे. फळ्यावरच्या आकृतीत ती कुठे उभी असते ते मला अजून सापडलेलं नाही.

सरांनी फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात आणखी एक बिंदू काढला होता. किंमत जर इतकी पडली की तोडणी-वाहतुकीसारखा बदलता खर्चही निघेना, तर उत्पादन शून्य. काम बंद करावं, तोटा त्यातच कमी. परीक्षेला दोन गुणांचा प्रश्न. 2023 च्या जुलैमध्ये टोमॅटो किलोला शंभराच्या पार गेला होता, लोक सॅलडमध्ये त्याच्या चकत्या मोजत होते. दोन महिन्यांत तोच टोमॅटो इतका घसरला की शेतकऱ्यांनी तो रस्त्यावर ओतला. तोडायची मजुरी आणि कॅरेटचं भाडं भावापेक्षा जास्त झालं, की उभ्या पिकात रोटाव्हेटर फिरवायचा नाहीतर मेंढ्या सोडायच्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, संतापाने केलं. संताप असतोच, पण हिशोबही अगदी बरोबर असतो, सरांच्या त्या कोपऱ्यातल्या बिंदूइतका. त्याच वर्षी फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने 512 किलो कांदा सोलापूरच्या बाजारात नेला. रुपयाने किलो गेला. भाडं, हमाली, तोलाई वजा जाऊन हातात 2 रुपयांचा चेक पडला, तोही पुढची तारीख घातलेला. शास्त्राप्रमाणे पाहिलं तर त्याने तो कांदा शेतातच ठेवायला हवा होता. पण भाव मोंढ्यात गेल्यावर कळतो आणि मोंढा घरापासून लांब असतो. सर्वज्ञ विक्रेत्याच्या गोष्टीत हा रस्ता तेवढा गाळलेला आहे. दोन रुपये. भाडं-हमाली वजा जाऊन हाती उरलेली रक्कम शून्याच्या इतकी जवळ, की एखाद्या पाठ्यपुस्तकाला हेवा वाटावा.

कारण पुस्तकाचा शेवटचा धडा हाच आहे. ज्याने मन लावून, नेमका योग्य तेवढाच माल केला, एक जुडी कमी नाही की जास्त नाही, त्याला लांबच्या मुदतीत मिळतं काय, तर शून्य. नफा दिसला की नवे विक्रेते शिरतात, भाव उतरतो, आणि मालकाची स्वतःची मजुरी आणि गुंतवलेल्या पैशाचा मोबदला एवढंच हाती राहतं. वर्गात हे ऐकून आम्ही खट्टू झालो होतो. एवढी चार पानं आकृत्या काढून शेवटी शून्य! छावणीतल्या मावशीला विचारलं, की काय मावशी, कसं काय, नफा किती? तर ती पिशवीचं तोंड बांधत म्हणाली, "नफा कशाचा भाऊ, हजेरी सुटली म्हंजे झालं." हजेरी म्हणजे दुसऱ्याच्या रानात गेली असती तर मिळाली असती ती मजुरी. सरांनी हेच सांगायला दोन तास घेतले होते, आणि हजेरीही घेतली होती.

तरीपण मावशी त्या पुस्तकातली बाई नव्हे, हे दिवसभरात निदान तीनदा दिसतं. पहिल्यांदा सकाळी. बोहनी व्हायची असते, आणि पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून ती दहाची जुडी आठला देते, नोट कपाळाला लावते आणि आठ रुपयांत दिवसाची सगळी अनिश्चितता विकत घेतल्यासारखी बसते. दुसऱ्यांदा भर बाजारात. शेजारी तीच मेथी, त्याच लिलावातली, त्याच टेम्पोतून उतरलेली. पण हिची गावरान आणि शेजारणीची 'कंपनीची'. मेथीची कंपनी कुठे असते हे मी विचारत नाही. पलीकडचे बागवान चाचा 'बीस का पाव, बीस का पाव' म्हणून एका सुरात दोडके विकत असतात, त्यांचाही दोडका इतरांच्या दोडक्यासारखा नसतो. आपण असंख्यांपैकी एक आहोत आणि आपल्याविना बाजाराचं पानही अडणार नाही, हे ज्ञान पुस्तकातला विक्रेता कसं पचवतो कोण जाणे. माणसाला निदान आपली मेथी गावरान आहे एवढं तरी वाटू द्यावं.

आणि तिसऱ्यांदा, पिशवीत टाकलेल्या कोथिंबिरीच्या काडीत. भाजी घेतली की वरून चार काड्या कोथिंबीर आणि दोन मिरच्या. हा आपला जन्मसिद्ध हक्क आहे अशी आपली समजूत. माझीही होती. मग लक्षात येऊ लागलं, की जुडी पाचला असते तेव्हा काड्या न मागता येतात, वीसला असते तेव्हा मागून येतात, आणि चाळीसला गेली की मावशीला ऐकूच येत नाही. म्हणजे मायाही कढईच्या वक्रावरून चालते म्हणायची. या शोधाने मी काही दिवस उदास होतो. पण मग एका पावसाळी गुरुवारी, कोथिंबीर सोन्याच्या भावाने चाललेली असताना, मावशीने एका म्हातारीच्या पिशवीत चार काड्या टाकलेल्या मी पाहिल्या. म्हातारीने घेतलं होतं काय, तर एक लिंबू. हा व्यवहार कुठल्या छेदावर बसतो ते मला सांगता येणार नाही, आणि सरांनाही मी तो कधी सांगितला नाही. त्यांचा खडू उगाच अडला असता.

संध्याकाळ झाली की आकृती झपाट्याने बदलते. आता सगळा खर्च मागे पडलेला. उरलेल्या जुडीला पुढे खर्च एकच, तो म्हणजे तिला परत घरी नेण्याचा. मग 'दहाला दोन', मग 'दहाला तीन', मग नुसतंच 'घ्या हो घ्या'. काही धूर्त लोक याच वेळेला पिशवी घेऊन निघतात. त्यांच्या चालण्यातच एक तृप्त मंदपणा असतो. तरी एका मर्यादेखाली मावशी जात नाही. रुपयाला जुडी मागणाऱ्याला न देता ती पुढ्यातल्या गाईला घालते. मला वाटलं, हा राग. ती म्हणाली, याला आज रुपयाला दिली तर हा पुढच्या गुरुवारी सकाळी येईल का?

पुढच्या गुरुवारी किती आणणार, असं मी सहज विचारलं. तिने आधी आभाळाकडे पाहिलं, मग मागे वळून पाहिलं, आणि आवाज बारीक केला. "जास्तच आणीन म्हंते. चाळीसेक जुड्या वर. हिच्या भाच्याचं लगीन हे गुरुवारी," तिने शेजारच्या पालाकडे हनुवटी वळवली, "ती काय बसत नसती." मी चकित झालो. इतका वेळ जिला मी किमतीपुढे मान तुकवणारी असंख्यांतली एक समजत होतो, ती तर शेजारणीचा माल मोजून आपला माल ठरवत होती. कूर्नो नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने 1838 मध्ये हेच मांडलं होतं : खनिज पाण्याचे दोन झरे, दोन मालक, आणि प्रत्येकाचा डोळा दुसऱ्याच्या घागरीवर. मी तिला सांगणार होतो, की मावशी, एवढ्या मोठ्या बाजारात चाळीस जुड्यांनी काही हलत नसतं. तेवढ्यात पालाच्या पलीकडून, तराजूची ताटं एकमेकांवर ठेवल्याचा आवाज आला आणि त्यामागून शेजारीण.

"लगीन सकाळचं हे. जेवून तीनला मी हितंच."